परक्या हाती दिलेले मांजर

घर सोडून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसास दोन प्रकारची तयारी करावी लागते. बरोबर न्यावयाच्या वस्तूंची तयारी ही त्यांतली सोपी. पेट्या भरल्या, की ती संपते. मागे ठेवावयाच्या जिवांची तयारी इतकी सोपी नसते. गाय असेल तर ती शेजारच्या गोठ्यात नेऊन बांधता येते. कुत्रा ओळखीच्या माणसाच्या पायाशी झोपला, की बहुधा तेच घर त्याचे होते. मांजराचे तसे नाही. मांजर माणसाचे जेवढे असते त्याहून अधिक ते जागेचे असते. चूल, खिडकी, कौलांवरून उतरणारी वाट, दुपारचे ऊन ज्या कोपऱ्यात येते तो कोपरा, एवढे मिळून त्याचे जग. ते जग आपल्याला बरोबर नेता येत नाही. आणि मांजराला त्यातून उचलून दुसरीकडे ठेवले, तर ते तेथे राहीलच असेही सांगता येत नाही. म्हणून ज्या घरात मांजर आहे तेथे प्रवासाचा बेत ठरला, की तिकिटाआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: मांजराकडे कोण पाहील?

पुढील मजकूर मॉरिशस बेटाच्या प्रवासाचा आहे. परंतु त्या बेटावर हा घरगुती प्रश्न आमच्या पाठोपाठ आला, आणि दोनशे वर्षांपूर्वी तो तेथे दुसऱ्या एका प्रवाशालाही पडला होता असे कळले. त्याची हकिकत वाचकांस सांगावी, हा या लेखाचा मुख्य हेतू.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त मॉरिशसला क्वात्र बोर्न या गावी राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतांनी पाच आठवड्यांसाठी तिकडे जावयाचे ठरविले. बेळगावच्या आमच्या घरात दोन मांजरे. मनी तेरा वर्षांची, अंगाने हलकी, खाण्यात चोखंदळ. आणि राजा हा तरुण बोका, ज्याला जगात कशाचीच भीती नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आक्का मांजरांना लहानपणापासून ओळखतात. त्यांनी आपण होऊनच किल्ली मागितली. “तुम्ही जावा हो मास्तर. मांजरं काय पळून जात नाहीत आणि मीही कुठं जात नाही,” असे त्या म्हणाल्या. मांजरांना त्यांच्या घरी न्यावयाचे नाही, त्यांनीच सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी यावयाचे, असे ठरले. दुधाचा रतीब आक्कांच्या नावे केला, जनावरांच्या डॉक्टरांचा क्रमांक फडताळाच्या दारावर चिकटवला, थोडे पैसे डब्यात ठेवले आणि आम्ही निघालो.

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांत मॉरिशस येते. तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे. ही गोष्ट माझ्या पत्नीने पहिल्याच संध्याकाळी ध्यानात घेतली. तेथे सहा वाजले, की ती म्हणे, “आपल्याकडे साडेसात झाले. आक्का आता दार उघडत असतील.” हा तिचा नेम पुढे पाचही आठवडे चालला.

मूळ बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढे. परंतु एवढ्याशा जागेत डोंगर, पठार, ऊस आणि समुद्र यांची दाटी आहे. आम्ही गेलो तेव्हा ऊसतोडणीचे दिवस होते. हे बेट ज्वालामुखीतून झालेले असल्यामुळे त्याचा दगड आपल्या दख्खनच्या दगडासारखाच काळा. शेते साफ करताना निघालेल्या या धोंड्यांचे मोठमोठे ढीग उसाच्या फडांतून उभे दिसतात. ते ज्यांनी वेचले त्यांत प्रथम आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम होते आणि १८३५ साली गुलामगिरी बंद झाल्यावर हिंदुस्थानातून आणलेले मजूर. फडांच्या पलीकडे पीटर बॉथ नावाचे शिखर दिसते. त्याच्या अगदी टोकावर एक प्रचंड शिळा आहे. कोणीतरी क्षणभर ठेवून विसरून जावे तशी ती दिसते.

राजधानी पोर्ट लुई ही बंदराच्या काठी वसली आहे. बंदरापासून ताडवृक्षांच्या दोन रांगांमधून सरळ जुन्या सरकारवाड्यापर्यंत जाता येते. १७१५ पासून १८१० पर्यंत या बेटावर फ्रेंचांचा अंमल होता व त्याचे नाव ‘इल द फ्रान्स’ असे होते. याच बंदरात १७ डिसेंबर १८०३ रोजी ‘कंबरलँड’ नावाची एक गळकी, अवघ्या २९ टनांची इंग्रज नौका येऊन थांबली. तिच्यावर मॅथ्यू फ्लिंडर्स हा एकोणतीस वर्षांचा कप्तान होता, आणि ट्रिम नावाचा एक काळा बोका होता.

फ्लिंडर्सचे नाव ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात मोठे आहे. त्या भूमीला संपूर्ण प्रदक्षिणा घालून तिच्या किनाऱ्याचे नकाशे त्याने काढले, आणि ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव रूढ होण्यास त्याचाच आग्रह पुष्कळसा कारण झाला. ट्रिमचे नाव मात्र इतिहासात राहिले ते फ्लिंडर्सने त्याचे चरित्र लिहिले म्हणून. त्यात तो सांगतो, की ट्रिमचा जन्म १७९९ साली ‘रिलायन्स’ या जहाजावर, आपल्या याच हिंदी महासागरात झाला. अंग काळेभोर, पाय पांढरे व छातीवर चांदणीसारखा पांढरा ठिपका. पिल्लू असतानाच खेळता खेळता तो समुद्रात पडला. परंतु पोहत जहाजापाशी आला आणि खलाशांनी सोडलेल्या दोराला धरून वर चढला. तेव्हापासून तो साऱ्या जहाजाचा लाडका झाला. लॉरेन्स स्टर्न याच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीत ट्रिम नावाचा एक इमानी सेवक आहे. त्याचे नाव या बोक्याला दिले.

मनुष्य ज्याला घर म्हणतो तसे घर ट्रिमला नव्हते. जहाज हेच त्याचे घर. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजावरून तो १८०१ साली इंग्लंडहून निघाला आणि ऑस्ट्रेलियाभोवतीच्या प्रदक्षिणेत फ्लिंडर्सबरोबर राहिला. १७ ऑगस्ट १८०३ रोजी ‘पॉरपॉइज’ या जहाजातून परतत असता ते प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटले. वाचलेली माणसे वाळूच्या एका उघड्या दांड्यावर उतरली. ट्रिमही उतरला. फ्लिंडर्स काही सोबती घेऊन एका होडीतून मदत आणावयास निघाला. सिडनी तेथून हजार किलोमीटरहून अधिक दूर. तो परत येईपर्यंत सहा आठवडे गेले, आणि एवढा काळ ट्रिम त्या वाळूवर खलाशांच्या सोबतीने राहिला.

वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मालक गेला होता, जहाजही गेले होते. परंतु माणसे ओळखीची होती, धान्याचा तंबू ओळखीचा होता, जेवणाची वेळ ओळखीची होती. सहा आठवड्यांनी फ्लिंडर्स परतला तेव्हा बोका जागेवरच होता. दुसऱ्या वेळी असे झाले नाही.

ती दुसरी वेळ पोर्ट लुईत आली. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात त्याच वर्षी पुन्हा युद्ध पेटले होते. ही बातमी फ्लिंडर्सला ठाऊक नव्हती. त्याच्याजवळ फ्रेंच सरकारचा परवाना होता, पण तो ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाच्या नावाचा. आणि तो आला होता ‘कंबरलँड’मधून. गव्हर्नर देकाँ याला त्याचा संशय आला. फ्लिंडर्सही मानी स्वभावाचा. दोघांचे जुळले नाही आणि शास्त्रीय प्रवासी युद्धकैदी झाला. त्याचा नाताळ कैदेत गेला. प्रथम त्याला बंदराजवळच्या एका खाणावळीत ठेवले होते; १८०४ साली इतर इंग्रज कैद्यांबरोबर गावाबाहेरच्या एका बागेतील घरात नेले. ट्रिम बरोबर होताच. कैदेची शिक्षा त्याला कोणी दिली नव्हती, पण त्याने ती धन्याबरोबर भोगली.

त्या घरावर शिपायांचा पहारा असे. पहारेकऱ्यांपैकी कोणी बोक्याला चोरून काही अपाय करील, अशी भीती फ्लिंडर्सला वाटू लागली. इतक्यात एका फ्रेंच बाईने बोक्याला आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखविली. तिच्या लहान मुलीला सोबती हवा होता. गव्हर्नरसाहेबांचा याला विरोध होणार नाही अशी खात्री करून घेऊन फ्लिंडर्सने ट्रिमला तिच्या स्वाधीन केले. पंधरा दिवस जेमतेम गेले असतील, तोच बेटावरील वर्तमानपत्रात जाहिरात आली, की बोका हरवला आहे. जो त्याला त्याच्या दुःखी छोट्या मालकिणीकडे आणून देईल त्याला दहा स्पॅनिश डॉलर बक्षीस. पुष्कळ शोध झाला. ट्रिम पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

फ्लिंडर्सने मनाशी असा तर्क बांधला, की एखाद्या भुकेल्या गुलामाने त्याला मारून खाल्ले असावे. हे वाचताना मला थांबावेसे वाटले. त्याच्याजवळ पुरावा काही नव्हता. बेटावरची पुष्कळशी माणसे तेव्हा गुलाम होती आणि त्यांच्या उपासमारीवर तेथील सुबत्ता उभी होती. स्वतः अन्यायाने कैदेत पडलेल्या माणसाने आपल्या दुःखाचे बोट आपल्याहून खोल बंदिवासात पडलेल्यांकडे वळवावे, ही मनुष्यस्वभावाची एक खेदकारक रीत आहे. मांजर हरवले, की आपणही प्रथम शेजाऱ्याकडेच पाहतो. परंतु ट्रिमच्या बाबतीत दुसरे एक कारण अधिक संभवनीय वाटते, आणि त्यात कोणाचाही दुष्टपणा नाही. जन्मभर जहाजाचे लाकूड, दोर आणि खलाशी ओळखणारा तो प्राणी एका परक्या घरात आला. दार उघडे असेल. समुद्राचा वास येत असेल. तो आपले घर शोधावयास निघाला असेल.

मांजरांच्या स्वभावाचा अभ्यास करणारे आज असे सांगतात, की नव्या जागी आणलेल्या मांजराला दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नये. एवढ्या दिवसांत त्या जागेचा वास त्याच्या अंगवळणी पडतो, स्वतःचा वास ते भिंतींना व लाकूडसामानाला देते आणि मग ती जागा त्याची होते. त्याआधी दार उघडे मिळाले, तर ते जुन्या जागेच्या शोधात निघते. ट्रिम पंधरा दिवसांत नाहीसा झाला. त्या मुलीची माया कमी पडली असे म्हणवत नाही. मांजराला दिवस हवे होते, ते मिळाले नाहीत.

पुढे १८०५ साली फ्लिंडर्सला बेटाच्या मध्यभागातील पठारावर, व्हाकोआ गावाजवळ, दारिफा नावाच्या एका विधवा फ्रेंच बाईच्या मळ्यावर राहण्याची परवानगी मिळाली. तेथे तो सुमारे पाच वर्षे राहिला. शत्रुराष्ट्राच्या या कैद्याला त्या कुटुंबाने घरच्या माणसासारखे वागविले. तो त्यांच्याकडून फ्रेंच शिकला आणि मुलांना शिकवू लागला. तिकडे इंग्लंडात त्याची पत्नी ॲन वाट पाहत होती. १८०१च्या एप्रिलमध्ये त्यांचे लग्न झाले, जुलैत तो निघाला आणि त्यानंतर १८१० पर्यंत त्यांची भेट नाही. पाच वर्षांपूर्वी हरवलेल्या बोक्याचे चरित्र त्याने याच कैदेत, १८०९ साली, लिहिले. ते हस्तलिखित दीडशेहून अधिक वर्षे कागदपत्रांत पडून होते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ते प्रथम छापले गेले. विनोदी ढंगाने आरंभलेले ते लिखाण शेवटी शेवटी विनोदाचा आव टाकून देते. कैद संपेल तेव्हा आपण ट्रिमसाठी एक स्मारक उभारू, असे तो त्यात म्हणतो. ते त्याच्या हातून झाले नाही. १८१० साली तो सुटला, प्रवासवर्णन लिहिता लिहिता खंगला, आणि १८१४च्या १८ जुलैस ते पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी वारला.

व्हाकोआ हे उंचावरचे, थंड, पावसाचे गाव. तेथील भुरभुर पाहून बेळगावच्या श्रावणाची आठवण होते. आम्ही त्या बाजूला गेलो होतो त्याच दिवशी आक्कांचा निरोप आला. मनीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते. राजाचे ठीक होते. परंतु मनी फडताळाखाली जाऊन बसली होती आणि हाक मारली तरी बाहेर येत नव्हती.

म्हाताऱ्या मांजराचे न खाणे ही साधी गोष्ट नव्हे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, की त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि त्यातून ते दगावू शकते, हे आम्हांला डॉक्टरांनी पूर्वी बजावले होते. त्या रात्री आमच्यात फार बोलणे झाले नाही. पत्नीचे म्हणणे, मिळेल त्या विमानाने परत जावे. पुतण्याचे म्हणणे, बेळगावात कोणाला तरी सांगून मांजराला दवाखान्यातच ठेवावे. मी दोन्हींचा हिशेब करीत बसलो होतो आणि दोन्हींत मनीला तिच्या फडताळाखालून ओढून काढणेच दिसत होते.

शेवटी पत्नीने आक्कांना फोन लावला व आम्ही परत येत आहो असे सांगितले. आक्का म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही तिथनं पळत येऊन काय करणार? तुम्ही येईपर्यंत तीन दिवस जातील. मी हाय की इथं.” आणि खरोखरच त्या होत्या. त्यांनी मनीला वेताच्या करंडीत घातले, वर पत्नीचे जुने लुगडे पांघरले आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेले. मनीच्या दाढेत पू झाला होता. डॉक्टरांनी सलाईन दिले, दुखणे थांबविण्याचे औषध दिले व खाणे पातळ करून चारावयास सांगितले. दवाखान्यातून आक्कांनी तिला स्वतःच्या घरी नेले नाही. आमच्याच घरी आणले, आणि दोन रात्री आमच्या स्वयंपाकघरात चटई टाकून तेथेच निजल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, की उकडलेल्या मासळीचे पाणी मनीने अर्धी वाटी चाटले. आम्ही परतीची तिकिटे बदलली नाहीत.

या प्रसंगानंतर आक्कांनी काय केले आणि पोर्ट लुईच्या त्या फ्रेंच बाईला काय करता आले नाही, याचा विचार माझ्या मनात वारंवार येई. दोघींचीही इच्छा चांगलीच होती. परंतु एकीने मांजराला आपल्या घरी आणले, दुसरी स्वतः मांजराच्या घरी गेली. आपल्या दोघांतून जागा कोणी बदलावी, मनुष्याने की मांजराने, याचे योग्य उत्तर आक्कांना कोणी न शिकविता ठाऊक होते.

मॉरिशसमध्ये या विषयाची दुसरी बाजूही पाहावयास मिळाली. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर महेबूर गावासमोर इल ओ झेग्रेत नावाचे अवघ्या २६ हेक्टरांचे प्रवाळ-बेट आहे. होडीने तेथे जाता येते. १९६५ पासून ते राखीव असून तेथे मूळची झाडे व पक्षी पुन्हा वाढविण्याचे काम चालते. डचांची जहाजे १५९८ साली मॉरिशसला लागली, आणि जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे व कालांतराने मांजरेही आली. डोडो हा न उडणारा पक्षी त्यानंतर शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. गुलाबी पारवा मात्र थोडक्यात वाचला. १९९०च्या सुमारास रानात अवघे दहाएक पारवे उरले होते. त्यांच्या शत्रूंत रानटी बनलेली मांजरे आहेत. म्हणून त्या छोट्या बेटावरून उंदीर व मांजरे हटविल्यानंतरच पारवे तेथे आणून सोडण्यात आले. आज झाडावर शांत बसलेला तो फिकट गुलाबी पक्षी पाहताना मांजरांचा पुरस्कर्ता असलेला मनुष्यही अबोल होतो.

परंतु दोष मांजराचा कसा म्हणावा? ती मांजरे कोणीतरी आणली आणि सोडून दिली. मनुष्य मांजराला कोणाच्याही हवाली न करता निघून गेला, की मांजर आपले पोट आपण भरते. आपल्याकडेही बदली झालेली कुटुंबे घर रिकामे करताना मांजर मागे ठेवतात; ‘मांजर कुठेही जगते’ असे म्हणून मनाची समजूत घालतात. ते कित्येकदा जगतेही, पण पाखरांच्या जिवावर. आणि पुष्कळदा जगतही नाही.

पोर्ट लुईच्या बंदराशी आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातील जवळजवळ पाच लक्ष मजूर येथे उतरले. त्यांतील काही पुढे इतर वसाहतींत गेले. २००६ साली या जागेची जागतिक वारशात गणना झाली. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर उभे राहिले, की उतरणाऱ्यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपल्या कोकणचे लोकही होते. त्यांच्या वंशजांना तेथे आजही मराठी म्हणूनच ओळखतात. पश्चिमेकडील कास्कावेल गावात त्यांची जुनी वस्ती आहे आणि मराठी भाषा तेथील शाळांतून शिकविली जाते. ते मजूर निघाले तेव्हा त्यांनीही कोणाला तरी सांगितलेच असेल, की गाईला चारा घाल, म्हातारीकडे बघ, मांजराला दूध दे. करार काही वर्षांचा असे. परंतु कितीएक परतले नाहीत. ज्याने ते काम पत्करले त्याने मग काय केले असेल? प्रवाशांचा इतिहास लिहिला जातो. मागे राहून दुसऱ्याचे सांभाळणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

आता घरातील मंडळींच्या उपयोगी पडेल असे थोडे लिहितो. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा शहरांत पैसे घेऊन मांजरांची देखभाल करणारी माणसे आता मिळतात, आणि लहान गावांत शेजारी असतो. कोणीही असो, शक्य तर त्याने मांजराच्या घरी यावे. निघण्यापूर्वी आठवडाभर त्याच्या हातून मांजराला खाऊ घालावे, म्हणजे हात ओळखीचा होतो. खाण्याची वेळ व खाणे बदलू नये. मांजराने एक दिवस खाल्ले नाही तर लक्ष ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल व होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी न्यावे. वेदीसाठी आणलेली लिलीची फुले घरात उरली असतील, तर ती बाहेर ठेवावी. ती मांजराच्या मूत्रपिंडांना विषासारखी आहेत. मांजराला दुसऱ्या घरी ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्याचे अंथरूण व आपले एखादे न धुतलेले वस्त्र बरोबर द्यावे आणि त्याला एकाच खोलीत, दारे-खिडक्या लावून ठेवण्यास सांगावे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. किल्ली देताना निर्णय घेण्याचा अधिकारही द्यावा. दूर बसलेल्या माणसाला काळजी असते, पण समोरचे दिसत नाही. आक्कांनी आम्हांला विचारून करंडी भरली असती, तर आमच्या चर्चेत आणखी एक दिवस गेला असता. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर तो पुरता टाकावा. आणि परत आल्यावर झाल्या-न झाल्याचा जाब विचारू नये.

फ्लिंडर्सला ट्रिमचे स्मारक उभारता आले नाही, ते काम पुढील पिढ्यांनी केले. सिडनीच्या जुन्या ग्रंथालयाबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा १९२५ साली उभा राहिला. १९९६ साली त्याच्या पाठीमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ट्रिमचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. लंडनच्या यूस्टन स्थानकात २०१४ पासून दोघे एकत्र आहेत. त्याच स्थानकाजवळच्या जुन्या स्मशानभूमीत २०१९ साली फ्लिंडर्सच्या अस्थी सापडल्या आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या जन्मगावी, डॉनिंग्टनच्या चर्चमध्ये, त्यांचे पुन्हा दफन झाले. मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर, बे द्यु काप येथे तो प्रथम लागला होता. तेथेही २००३ साली त्याचे स्मारक झाले आहे. ट्रिमला मात्र कोठेही थडगे नाही, कारण तो कोठे संपला ते कोणालाच ठाऊक नाही.

त्या छोट्या मुलीचे नाव फ्लिंडर्स सांगत नाही. पंधरा दिवस तिच्याकडे तो बोका होता. त्यानंतर तिने वर्तमानपत्रात जाहिरात लावून त्याला शोधले. दुसऱ्याचे मांजर आपल्या हातून गेले याचे दुःख तिला किती दिवस पुरले असेल, याचा विचार करवत नाही. दुसऱ्याचा जीव सांभाळावयास घेणे ही लहान गोष्ट नव्हे, म्हणूनच पुष्कळ लोक ते टाळतात. तथापि कोणी टाळले नाही, तरच दुसऱ्या कोणाला घराबाहेर पडता येते. तेव्हा आपल्या आळीतून कोणी लांबच्या वाटेला निघाले आणि संकोचाने किल्ली पुढे केली, तर वाचकहो, हात मागे घेऊ नका.